मोटारीचें सुख आणि रूप

दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी मोटारीचें केवळ यंत्र व सांगाडा तयार करीत असे. वरचें घर बार्कर, हूपर यांसारखे मूळचे घोडागाड्या बांधणारे लंडनचे कारागीर धनिकाच्या रुचीप्रमाणें चढवीत. त्यामुळें एकाच सांगाड्यावर नाना रूपें नटत. हूपर यांनीं हें काम १९५९ सालीं थांबविलें. १९६५ च्या ‘सिल्व्हर शॅडो’ मोटारींत सांगाडा व घर एकजीव झालें. सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या परवान्यानें घेतलेल्या, द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या योजनेमुळें ओझें कमीअधिक झालें तरी गाडी समपातळींत राही. धक्के कमी झाले. परंतु कारागिराच्या हाताला पूर्वीचा वाव उरला नाहीं. २०१८ सालच्या उंच ‘कलिनन’ मोटारींतही रंग आणि कातडें मालकाच्या पसंतीचें. आकृति मात्र कारखान्याचीच!