कळी खाणारी अळी आणि ‘वाचवणे’ या शब्दाचा अर्थ

भातशेती ज्यांच्या घरी आहे त्यांना पाने गुंडाळणारी अळी ठाऊक असते. आज आपण तिच्याविषयी नाही, तर तशीच सवय असलेल्या दुसऱ्या एका कुळाविषयी बोलणार आहोत. टॉर्ट्रिसिडी हे त्या कुळाचे नाव. मुळात लॅटिनमधल्या ‘पिळणे’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले. त्यातला एक करडा-तपकिरी पतंग, पंख पसरले तरी जेमतेम दोन सेंटीमीटर. पण त्याने कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांताला कित्येक दशके झोप लागू दिली नाही.

याला तिकडे ‘स्प्रूस बडवर्म’ म्हणतात. गंमत बघा, स्प्रूसपेक्षा त्याला बाल्सम फर जास्त आवडतो! नावाने सुरुवातीलाच आपली दिशाभूल केली. उन्हाळ्यात अंडी, त्यातून इवलीशी अळी, ती काही न खाता रेशमी कोषात हिवाळाभर झोपते. वसंतात कोवळ्या कळीत शिरते, सुईसारखी पाने धाग्याने एकत्र बांधते आणि आत बसून खाते. चार-पाच वर्षे सलग असे झाले की फर मरतो.

फर मेला तर कागदाचा लगदा कशाचा करणार? गावेच्या गावे त्या गिरण्यांवर जगत होती. म्हणून 1952 साली विमानांतून डीडीटीची फवारणी सुरू झाली. त्या निर्णयाला आज मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. पण 1954च्या जूनमध्ये मिरामिशी नदीच्या खोऱ्यावर फवारा पडला, आणि त्या नदीतल्या सामन माशांची मोजदाद शास्त्रज्ञ आधीपासूनच करत होते. पाण्यातले किडे मेले, म्हणजे पिलांचे अन्नच गेले, पिलेही मेली. त्या वसंतात जन्मलेल्यांपैकी ऑगस्टपर्यंत एकही उरले नाही. रेचल कार्सन यांनी 1962च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकीकत सांगितली, म्हणून ती जगाला कळली.

मासे गेले, हे झाले. पण जंगल तरी वाचले का? आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला खरा पेच इथे दिसतो.

1973 साली सी. एस. हॉलिंग या परिस्थितिशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. जुन्या नोंदी आणि झाडांची वर्तुळे पाहता, अठराव्या शतकाच्या आरंभापासून या अळीचे सहा मोठे उद्रेक झालेले दिसतात. म्हणजे विमाने नव्हती तेव्हाही जंगल मरत होते आणि पुन्हा उभे राहत होते. शांततेच्या वर्षांत फर बाकीच्या झाडांना दाबून टाकतो. उद्रेकात मोठे फर मरतात, स्प्रूस आणि बर्च यांना जागा मिळते, खालची फरची रोपे मात्र बरीचशी टिकतात. अळी जंगलाची शत्रू खरी, पण त्याच्या मिश्रणाची राखणदारही तीच! हॉलिंग यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, आहे तसेच राहणे; दुसरी, धक्का खाऊन आपले नाते टिकवणे. आपण बहुतेक वेळा पहिलीलाच प्रकृती समजतो, बरं का.

आता फवारणीकडे पुन्हा पाहा. तिने पाने वाचवली, हे खरेच. पण पाने वाचली म्हणजे उरलेल्या अळ्यांचे ताटही वाढून ठेवले. आपसूक ओसरला असता तो उद्रेक रेंगाळत राहिला आणि पुन्हा पुन्हा फवारावे लागले. पुढे डीडीटी जाऊन फेनिट्रोथिऑन आले. विमाने मात्र तीच.

2014पासून तिथे वेगळी पद्धत आहे. हिवाळ्यापूर्वी व हिवाळ्यात जंगलातून फांद्या तोडून आणतात, त्या धुऊन झोपलेल्या अळ्या मोजतात, आणि जिथे संख्या चढू लागली आहे तेवढ्याच तुकड्यांवर फवारतात, त्यात बीटी या जिवाणूपासून केलेले औषधही असते. उद्रेक यायच्या आधीच तो रोखायचा, असा बेत. फरची जंगले यामुळे अधिक टिकाऊ होतील, की पुढच्या उद्रेकासाठी अधिक एकसुरी, याचा हिशेब अजून मोजणीच्या टेबलावर आहे.