बघणाऱ्याला कमी समजू नका: ह्यू वेल्डन यांची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट क्लिपने करूया. यूट्यूबवर ती आजही सापडते. १९५० च्या दशकाची शेवटची वर्षं, बीबीसीवरचा लहान मुलांचा एक कार्यक्रम. काही शाळकरी पोरं गिटार वगैरे वाजवून दाखवतात. मग सुटाबुटातला एक उंच, भारदस्त आवाजाचा माणूस त्यातल्या एका मुलाला विचारतो, शाळा संपल्यावर हेच करणार का? मुलगा म्हणतो, नाही, मला जीवशास्त्रात संशोधन करायचंय. तो माणूस तेवढ्यावर सोडत नाही. कसलं संशोधन, ते विचारतो. मुलगा म्हणतो, कॅन्सरवर, तोपर्यंत कुणी उपाय शोधला नसेल तर!

त्या मुलाचं नाव जिमी पेज. पुढे तो लेड झेपेलिन या बँडचा गिटारवादक झाला आणि जगभर गाजला. त्यामुळे ही क्लिप सगळे त्याच्यासाठीच बघतात. आपण आज त्याच्याकडे बघणार नाही. आपण बघणार आहोत त्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे.

त्यांचं नाव ह्यू वेल्डन. जन्म ७ मे १९१६, उत्तर वेल्समधल्या प्रेस्टॅटिन गावात. आधी मुलांच्या कार्यक्रमाचे होस्ट, मग कलाविषयक कार्यक्रमाचे होस्ट आणि संपादक, आणि शेवटी बीबीसीच्या अख्ख्या टेलिव्हिजनचे प्रमुख. कॅमेऱ्यासमोर बसणारा माणूस थेट मालकाच्या खुर्चीपर्यंत पोचला, असं फार क्वचित होतं. पण मला त्यांच्या बढत्यांपेक्षा एका प्रश्नात जास्त रस आहे. समोर बसलेल्या बघणाऱ्याला किती झेपेल, हे ठरवायचं कुणी? वेल्डन यांनी या प्रश्नाचं एक उत्तर आयुष्यभर दिलं. आणि एकदा, जेव्हा सगळ्यात जास्त गरज होती, तेव्हा ते उत्तर त्यांच्या हातून निसटलं. ती गोष्टही सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊया.

बँगोर ते नॉर्मंडी

वडील सर विन वेल्डन हे वेल्समधल्या शिक्षणक्षेत्रातलं मोठं नाव. आजोबा धर्मोपदेशक. म्हणजे घरात पुस्तकं, प्रवचनं आणि चर्चा यांचा सुकाळ. ह्यू यांची शाळा बँगोरमध्ये झाली, आणि पुढचं शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. हो, तेच एलएसई, जिथे काही वर्षं आधी बाबासाहेब आंबेडकर शिकले होते.

पुढे महायुद्ध आलं. वेल्डन रॉयल अल्स्टर रायफल्समध्ये होते. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या, तेव्हा त्यांची पलटण ग्लायडरमधून उतरली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसऱ्याच दिवशीच्या लढाईतल्या धाडसासाठी त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. युद्ध म्हणजे काय, हे या माणसाने जवळून बघितलं होतं.

युद्धानंतर ते आर्ट्स कौन्सिलचं वेल्समधलं काम बघायला लागले. १९५१ मध्ये ब्रिटनभर ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ झाला, त्याच्या आयोजनातही ते होते. आणि १९५२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते बीबीसीत दाखल झाले. कोण म्हणून? प्रसिद्धी अधिकारी म्हणून! म्हणजे इतरांच्या कार्यक्रमांची जाहिरात करायची.

त्या काळी टेलिव्हिजन म्हणजे नवी कोरी गोष्ट होती. दक्षिण वेल्समध्ये वेनव्हो इथला ट्रान्समीटर सुरू झाला तोच मुळी ऑगस्ट १९५२ मध्ये. पुढच्या वर्षी, २ जून १९५३ ला, राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. तो जवळपास दोन कोटी लोकांनी टीव्हीवर बघितला, बरेचसे शेजाऱ्याच्या घरी बसून. १९५५ मध्ये आयटीव्ही नावाचं जाहिरातींवर चालणारं चॅनल आलं आणि लोक पटापट तिकडे वळायला लागले. इतके दिवस बीबीसीला स्पर्धाच नव्हती. आता प्रश्न पडला, लोकांना खेचायचं की लोकांना काहीतरी चांगलं द्यायचं? आजही प्रत्येक क्रिएटर याच प्रश्नाशी झटापट करतोय, नाही का?

वर्गातला नव्हे, टीव्हीवरचा ‘मॉनिटर’

वेल्डन जाहिरात खात्यात फार दिवस रमले नाहीत. लवकरच ते ‘ऑल युअर ओन’ हा मुलांचा कार्यक्रम सादर करायला लागले. आपण सुरुवातीला बघितलेली क्लिप त्यातलीच. कुणी वाद्य वाजवतंय, कुणी घरी काहीतरी बनवून आणलंय, आणि वेल्डन त्या मुलांशी गप्पा मारतायत.

मग २ फेब्रुवारी १९५८ ला ‘मॉनिटर’ सुरू झाला. दर पंधरा दिवसांनी, रविवारी रात्री. विषय कला. चित्रकार, लेखक, संगीतकार, वास्तुरचना, नाटक, सगळं. वेल्डन संपादकही होते आणि सादरकर्तेही.

इथे एक गंमत बघा. वेल्डन चित्रकार नव्हते, संगीतकार नव्हते, समीक्षकही नव्हते. आपण तज्ज्ञ आहोत असा त्यांचा दावाही नव्हता. पडद्यावर त्यांची भूमिका होती, जाणून घ्यायची इच्छा असलेल्या एका हुशार माणसाची. ज्याला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही, पण समजावून सांगितलं तर नक्की कळेल, असा प्रेक्षक त्यांनी डोळ्यांसमोर ठेवला होता. त्याच्या वतीने ते प्रश्न विचारायचे. चांगलं आहे ते लोकप्रिय करायचं आणि लोकप्रिय आहे ते चांगलं करायचं, हे सूत्र आजही त्यांच्या नावावर सांगितलं जातं. वाक्य छोटं आहे, पण त्याचे दोन्ही अर्धे सांभाळणं महाकठीण. पहिला अर्धा विसरलात तर गल्लाभरू होता, दुसरा विसरलात तर शिष्ट.

मॉनिटरची दुसरी कमाई म्हणजे तिथे तयार झालेली माणसं. जॉन श्लेसिंजरने तिथे लघुपट केले आणि पुढे ‘मिडनाइट काउबॉय’साठी ऑस्कर मिळवलं. मेल्विन ब्रॅग तिथे तरुणपणी काम शिकले. आणि केन रसेल नावाचा एक भन्नाट डोक्याचा दिग्दर्शक तिथे आला.

वेल्डन आणि रसेल यांचं नातं मला कोड रिव्ह्यूसारखं वाटतं. एकजण झपाट्याने अफाट काहीतरी लिहून आणतो, दुसरा बसून एकेका ओळीला विचारतो, हे का? हे इथे कशाला? रसेलला संगीतकारांच्या आयुष्यावरच्या माहितीपटात नट वापरायचे होते. वेल्डन म्हणाले, नाही. माहितीपटात नट आणून बसवला आणि तो बोलायला लागला, तर बघणाऱ्याला खरं कुठलं आणि रचलेलं कुठलं ते कसं कळणार? ही त्याची फसवणूक झाली.

मग काय, घासाघीस सुरू. १९६१ मध्ये प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकारावरच्या फिल्ममध्ये रसेलला नटाचे नुसते हात आणि पाण्यातलं धूसर प्रतिबिंब दाखवता आलं. पुढच्या वर्षी एडवर्ड एल्गार यांच्यावर फिल्म झाली. (आडनाव एल्गार, पण आपला रणांगणावरचा एल्गार नव्हे. हे इंग्लिश संगीतकार, वूस्टरमधल्या एका वाद्यांच्या दुकानदाराचे चिरंजीव!) यावेळी नट पूर्ण दिसले, पण बहुतेकदा लांबून, आणि एकही संवाद नाही. निवेदन वेल्डन यांच्या आवाजात.

११ नोव्हेंबर १९६२ ला ही फिल्म मॉनिटरचा शंभरावा भाग म्हणून दाखवली गेली. माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून पांढऱ्या तट्टावर बसून दौडणारा एक मुलगा, आणि त्यामागे एल्गारचं संगीत. बस. संवाद नसल्यामुळे संगीतच बोलतं. ज्या नियमाने रसेल वैतागला होता, त्याच नियमातून त्याची सगळ्यात गाजलेली टीव्ही फिल्म निघाली. आज डीपफेकच्या काळात वेल्डन यांचा तो हट्ट आठवून बघा. अगदीच जुनाट वाटत नाही.

जी फिल्म वीस वर्षं कपाटात राहिली

आता ती दुसरी गोष्ट.

वेल्डन आता माहितीपट विभागाचे प्रमुख झाले होते. पीटर वॉटकिन्स या तरुण दिग्दर्शकाने त्यांच्यासमोर एक कल्पना मांडली. ब्रिटनवर अणुबॉम्ब पडला तर नेमकं काय होईल? केंट परगण्यातली साधी माणसं घेऊन, बातमीपटासारखी फिल्म करायची. नाव ‘द वॉर गेम’.

विषय स्फोटक होता, अक्षरशः. वेल्डन यांनी पाठिंबा दिला. डिसेंबर १९६४ मध्ये वरिष्ठांकडे बाजू मांडताना त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की, सुरक्षेला धोका नसेल आणि माहिती खरी असेल, तर लोकांवर विश्वास ठेवून त्यांना सत्य सांगायला हवं. मॉनिटरमधलाच विचार, फक्त आता विषय चित्रकला नव्हता, जगणं-मरणं होतं.

फिल्म तयार झाली. जेमतेम पाऊण तासाची, पण बघून माणूस सुन्न होतो. भाजलेली माणसं, कोलमडलेली वैद्यकीय व्यवस्था, दंगली, आणि सरकारी तयारी किती तोकडी आहे याचं दर्शन. सप्टेंबर १९६५ मध्ये बीबीसीच्या वरिष्ठांनी ती सरकारी अधिकाऱ्यांना दाखवली. नोव्हेंबरमध्ये बीबीसीने जाहीर केलं की ही फिल्म प्रसारित होणार नाही. कारण काय दिलं? टीव्हीवर दाखवण्यासाठी ती फारच भयंकर आहे. एकटी राहणारी माणसं, म्हातारी माणसं बघतील, त्यांना झेपणार नाही. आणि हा निर्णय आमचा स्वतःचा आहे, सरकारचा दबाव नाही, असंही ठासून सांगितलं. त्यावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे.

वॉटकिन्सने बीबीसी सोडली. फिल्म १९६६ मध्ये काही थिएटरांमध्ये दाखवली गेली आणि १९६७ मध्ये तिला सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर मिळालं! पण ब्रिटिश टीव्हीच्या प्रेक्षकांना ती बघायला मिळाली ३१ जुलै १९८५ ला. वीस वर्षांनी.

आणि वेल्डन? ते संस्थेसोबत राहिले. पुढे बढतीही मिळाली. लोकांवर विश्वास ठेवा म्हणणारा माणूस, लोकांना झेपणार नाही म्हणणाऱ्या संस्थेच्या शिडीवर वर चढत गेला. इथे मला त्यांना व्हिलन ठरवायचं नाहीये. ज्याने स्वतः युद्धात माणसं मरताना बघितली, त्याच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, ते आपण बाहेरून सांगू शकत नाही. पण एवढं नक्की, की तत्त्व सोपं असतं तोवर सगळेच त्याचे असतात. चित्रकार समजावून सांगणं आणि अणुबॉम्ब समजावून सांगणं, दोन्हीकडे प्रेक्षक तोच होता. विश्वास मात्र एकीकडे ठेवला गेला, दुसरीकडे नाही.

मोठी खुर्ची

१९६८ मध्ये वेल्डन बीबीसी टेलिव्हिजनचे मॅनेजिंग डायरेक्टर झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. ही वर्षं म्हणजे बीबीसीचा बहराचा काळ. त्यांच्या हाताखाली कार्यक्रम विभागाचे प्रमुख कोण होते माहितीये? डेव्हिड अॅटनबरो! हो, आपले जंगलातले, कुजबुजत्या आवाजातले अॅटनबरो.

१९६९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन’ ही कलेच्या इतिहासाची मालिका आली, १९७३ मध्ये विज्ञानाच्या इतिहासावरची ‘द असेंट ऑफ मॅन’. त्याच काळात ‘डॅड्स आर्मी’ आणि ‘मॉन्टी पायथन’सारखे विनोदी कार्यक्रमही सुरू झाले. म्हणजे सूत्राचे दोन्ही अर्धे. भारी विषय सोपे करून मांडायचे आणि हसवायचं तेही दर्जेदार. एकाच संस्थेत, एकाच वर्षात.

१९७६ मध्ये ते ‘सर’ झाले. आणि १९७७ मध्ये पुन्हा कॅमेऱ्यासमोर आले, ‘रॉयल हेरिटेज’ या राजघराण्याच्या कलासंग्रहावरच्या मालिकेसाठी. खुर्ची सोडल्यावर माणूस आपल्या मूळ कामाकडे परतला, हे मला फार आवडतं. १४ मार्च १९८६ ला त्यांचं निधन झालं. द वॉर गेम टीव्हीवर लागली, त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी.

मॉनिटरमध्ये शिकलेल्या मेल्विन ब्रॅग यांनी १९७८ मध्ये ‘द साउथ बँक शो’ सुरू केला, आणि १९९८ मध्ये रेडिओवर ‘इन अवर टाइम’. आपल्यापैकी अनेकजण तो पॉडकास्ट म्हणून ऐकतात. तीन प्राध्यापक, एक विषय, आणि मध्ये बसून सगळ्यांच्या वतीने प्रश्न विचारणारा एक होस्ट. पद्धत ओळखीची वाटतेय ना?

मराठीत पॉडकास्ट करताना एक सल्ला सतत कानावर येतो. एवढं डीप नको, पब्लिकला नाही कळणार. हा सल्ला देणाऱ्याला मी आता एवढंच विचारतो, पब्लिक म्हणजे कोण, आणि तुम्ही त्यांना विचारलंत का? वेल्डन यांच्या काळात हे चार साहेब बंद खोलीत ठरवायचे. आज अल्गोरिदम ठरवतो. दोन्हीकडे ज्याच्याबद्दल ठरवलं जातंय, तो खोलीच्या बाहेरच असतो.

एल्गारवरची फिल्म कुठे मिळाली तर हेडफोन लावून बघा. आणि जमलं, तर त्यानंतर द वॉर गेमही बघा. आपल्याला झेपतं की नाही, ते आपलं आपण ठरवूया. भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा, प्रश्न विचारत राहा!