सोंगाड्याच्या तोंडचं भाषण

एप्रिल उजाडला की लांजा तालुक्यातल्या बौद्धवाड्यांवर जयंतीचे फलक झळकू लागतात. मे महिन्यात चाकरमानी गावी पोचले की त्यात बुद्धपौर्णिमेच्या फलकांची भर पडते. कार्यक्रम बहुतेक ठिकाणी सारखाच: सकाळी ध्वजारोहण आणि बुद्धवंदना, दुपारी बायकामुलांच्या स्पर्धा, संध्याकाळी गुणवंतांचा सत्कार, मग प्रमुख वक्त्यांचं व्याख्यान आणि रात्री दहानंतर बुद्ध-भीमगीतांचा जंगी सामना. वक्ते ‘स्पर्धा परीक्षा’ आणि ‘आत्मविश्वास’ यांवर बोलत असतात तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांचे डोळे ढोलकीकडे लागलेले असतात. ढोलकी कडाडली की पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात. उपदेश एकाचा, करमणूक दुसऱ्याची, आणि मधे निवेदकाचे आभार.

ही वाटणी अलीकडची आहे. साधारण नव्वद वर्षांपूर्वी याच समाजाने उभ्या केलेल्या रंगमंचावर ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. तो माणूस म्हणजे सोंगाड्या आणि तो रंगमंच म्हणजे आंबेडकरी जलसा.

जलशाची कुळकथा लांज्याच्या माणसाला समजावून सांगायला फार सायास पडत नाहीत, कारण त्याने नमन पाहिलेलं असतं. आधी गण, मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि लुगडं नेसलेल्या पुरुषाची मावशी, आणि शेवटी वग. शिमग्यातल्या खेळ्यांत काळ्या कपड्यांचा, उंच टोपीचा, कमरेला घुंगरं बांधलेला संकासूर येतो तो कुणाचीही टर उडवायची मुभा घेऊनच. घाटावरच्या तमाशाचा सांगाडाही जवळपास हाच. गवळणीनंतर तिथे बतावणी येते, म्हणजे दोघांची सवालजवाबी थट्टा. या थट्टेचं गिऱ्हाईक कोण असायचं, हा खरा प्रश्न. तमाशा गाजवणारे कलावंत बरेचसे महार आणि मांग समाजांतले, समोर बसून खुर्दा फेकणारे गावचे मानकरी. हसवणाऱ्याने स्वतःला, आपल्या भुकेला, आपल्या अडाणीपणाला हसवून घ्यायचं आणि बिदागी घेऊन घरी जायचं, असाच तो सौदा होता.

हा सौदा मोडायची पहिली युक्ती जोतीराव फुल्यांच्या हातून झाली. 1855 साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. कमिटीने ते नाकारलं, आणि छापून यायला 1979 साल उजाडावं लागलं. नाटकात एक जोशी कुणबी नवराबायकोला ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो. मात्र रंगमंचावर एक विदूषकही उभा केलेला आहे. जोशी बोलला की विदूषक प्रेक्षकांकडे तोंड करून त्याची पोलपट्टी उघडी करतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खुशमस्कऱ्या. फुल्यांनी त्याला कुणब्याचा वकील केलं. हसवणं आणि शहाणं करणं ही दोन कामं एकाच तोंडी देण्याची मराठीतली आधुनिक वाट इथून फुटते, असं मला वाटतं. नाटक कित्येक दशकं कुणी पाहिलं-वाचलं नाही, ही वेगळी गोष्ट. पण सत्यशोधक समाज 1873 साली स्थापन झाल्यानंतर ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी जलसे उभे केले तेव्हा हाच स्वभाव त्यांत उतरला. तमाशाचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि आतला ऐवज बदलायचा. गणात गणपतीऐवजी निर्मिक किंवा जनगणांचा पती, बतावणीत भट आणि सावकार. पुढे सातारा-कोल्हापूरकडे या जलशांनी गावंच्या गावं हलवली.

कोकणात त्या काळात अस्पृश्यांमध्ये बोलणारा वर्ग होता तो फौजेतल्या पेन्शनरांचा. दापोलीच्या परिसरात वसलेले गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलं ठळक नाव. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठला, असे सवाल त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेतून 1888च्या सुमारास विचारले. हा माणूस लेखणीचा. वाडीवर रात्री पेट्रोमॅक्स लावून जे सांगायचं ते सांगायला अजून कुणी आलं नव्हतं.

ते काम नाशिक जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याच्या भीमराव कर्डकांनी हाती घेतलं. 1930 साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच धगीत त्यांचा जलसा उभा राहिला. गण आता बाबासाहेबांचा. गवळणीतली छेडछाड गेली. नाचणारी बाई नाही. बाईची कामंही पुरुषच करणार. यामागे सोवळेपणापेक्षा हिशेब मोठा होता. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळाचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते घेतलं नाही, ही हकिकत चळवळीत सगळ्यांना पाठ आहे. समाजाच्या बायका नाचवून मिळालेल्या पैशावर समाजाचा मान कसा उभा राहील, हा तो मुद्दा. आज वाटतं, बाईला मंचावरून उतरवताना तिला दुसरं काही बोलायला दिलं असतं तर बरं झालं असतं. जलशात बाई आली ती फार उशिरा, आणि तीही गायिका म्हणून.

जलशाचा जीव बतावणीत. ती साधारण कशी रंगायची याचा नमुना माझ्या शब्दांत सांगतो. एक जण डोक्याला रुमाल बांधून पाण्याच्या काठावर पहारा देतोय. सोंगाड्या रिकामी घागर घेऊन येतो. ‘थांब, पाणी बाटेल.’ ‘आत्ता ती म्हैस उतरली होती ना?’ ‘ती जनावर.’ ‘मग मी चार पायांवर येऊ?’ आणि तो खरंच ओणवा होतो. लोक पोट धरून हसतात. ओणव्या अवस्थेतच सोंगाड्या मान वळवून प्रेक्षकांकडे बघतो आणि विचारतो, ‘हसताय कशाला? रोज असंच येता की!’ हसू तिथेच थिजतं. मग तो उभा राहतो आणि ढोलकी-तुणतुण्यावर पद सुरू होतं: पोराला शाळेत घाल, मेलेलं ढोर ओढू नको, गावकीचा तुकडा सोड. भाषण असं हाडात गेलेल्या हसण्याच्या पाठोपाठ यायचं. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, असं सांगतात. सभा घेणाऱ्याच्या तोंडी ही तुलना आली हे विशेष.

यातली बारीक गोम अशी की जलसा दोन दिशांनी हसायचा. एक हसू वरच्यावर, म्हणजे भट, सावकार, पाटील यांच्यावर. दुसरं घरातल्यावर: दारू, अंगात येणं, देवाला सोडलेली मुलगी, लग्नात उडवलेलं कर्ज. फक्त पहिलं असतं तर तो नुसता राग झाला असता, फक्त दुसरं असतं तर ती उपदेशाची कटकट झाली असती. घरातल्या माणसावर हसायचा हक्क सोंगाड्याला मिळायचा तो त्याने आधी सावकाराला अंगावर घेतलेलं असायचं म्हणून.

कोकणात सावकाराच्या जागी खोत. 1929 साली चिपळूणला भरलेल्या शेतकरी परिषदेत बाबासाहेबांनी खोतीवर बोट ठेवलं. 17 सप्टेंबर 1937ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडलं, आणि 10 जानेवारी 1938ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. त्यात कुणबी आणि महार एका रांगेत होते. खोती गेली ती 1949च्या कायद्याने. मधल्या वर्षांत गावाकडचं दुःख आणि मुंबईच्या चाळीतली गाणी यांची ने-आण परळ, नायगाव, वरळीच्या गिरणीत आणि गोदीत खपणाऱ्या चाकरमान्यांनी केली. बोटीने, पुढे एसटीने.

14 ऑक्टोबर 1956च्या धर्मांतरानंतर वाडीवरचं चित्र पालटलं. गावकीची कामं सुटली, शिमग्यातल्या पालखीपुढे ढोल बडवणं सुटलं. जलसाही बदलला. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने गाण्याला एवढी उंची दिली की बतावणी मागे पडली. मग कव्वालीचे सामने, मग कॅसेट. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले. कॅसेटमध्ये सोंगाड्या मावत नाही. त्याला ओणवं होताना बघावं लागतं. गाणं गायकाकडे गेलं, विचार वक्त्याकडे गेला आणि हसू बेघर झालं. अधूनमधून ते उसळून आलं. संभाजी भगतांच्या कल्पनेतून आणि राजकुमार तांगडे यांच्या लेखणीतून 2012 साली आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने त्याला परत मंचावर आणलं. त्या नाटकाला लोटलेली गर्दी पाहून ज्यांना नवल वाटलं त्यांनी जलसा पाहिलेला नसावा.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या रंगमंचाची गोष्ट याच्या शेजारून चालते. तिथे एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करत आणि लोक हसत. शंभरेक वर्षांनी, 1961 साली, डिक ग्रेगरी हा काळा विनोदवीर शिकागोच्या गोऱ्या प्रेक्षकांपुढे उभा राहून त्यांच्याच भेदभावावर त्यांनाच हसवू लागला आणि नागरी हक्कांच्या मोर्चांत तुरुंगातही गेला. 1969 साली जेसी जॅक्सन यांच्या चळवळीने शिकागोत ‘ब्लॅक एक्स्पो’ भरवला: काळ्या उद्योजकांची दुकानं, गाणी, भाषणं सगळं एका छपराखाली. 1971पासून इंडियानातही तसा मेळा भरू लागला. विनोदवीर आणि उमेद देणारे वक्ते हा अशा मेळ्यांचा नेमाचा भाग झाला. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 साली अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केली होती, 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा एक्स्पोचीही आवृत्ती निघणारच होती. मिलिंद कांबळे यांनी 2005 साली पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर, ‘डिक्की’, स्थापन केलं. 2010 साली पुण्यात आणि 2011च्या डिसेंबरात मुंबईत त्याचे व्यापारमेळे भरले.

व्यापारमेळ्याबरोबर यशाची भाषा आली आणि तीच आता जयंतीच्या व्याख्यानांतही ऐकू येते: नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, स्वप्नं मोठी बघा. यातलं काहीच खोटं नाही. पण जलशात खोताचं नाव घेऊन झाल्यावर ‘तू ऊठ’ म्हटलं जायचं. नव्या व्याख्यानात खोत नाही, सावकार नाही, बंद पडलेली शिष्यवृत्ती नाही, फक्त ‘तू’ आहेस. मग पोराला नोकरी मिळाली नाही तर तो दोष जाऊन जाऊन त्याच्याच पदरात पडतो. म्हणूनच कदाचित मागच्या रांगेतली पोरं ढोलकीकडे बघत बसतात.

सोंगाड्या मात्र हरवलेला नाही, त्याने फक्त गाव बदललं. बीडची अंकुर तांगडे, बस्तरकडून आलेला मनजीत सरकार ही मंडळी ‘ब्लू मटेरियल’ नावाने एकत्र येऊन शहरांतल्या मंचांवर जातीवर विनोद करतात. हातात तुणतुण्याऐवजी माइक आणि समोर तिकीट काढून आलेले अनोळखी लोक. भीमराव कर्डकांच्या प्रेक्षकाला पाणवठ्याचा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. क्लबातल्या प्रेक्षकांत असा कुणी असतोच ज्याला जात कधी आडवी आली नाही. त्याच्यासाठी आधी पाणवठा रंगवावा लागतो, मग घागर, मग पहारेकरी, आणि एवढं झाल्यावर हसवायचं, तेही दहा मिनिटांच्या वेळेत.