पासोडी आणि गोधडी

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई ही दासोपंतांची (१५५१–१६१५) भूमि. त्यांनीं आपलें ‘पंचीकरण’ सुमारें ४० फूट लांब पासोडीवर लिहिलें. पासोडी म्हणजे थंडींत पांघरावयाचें जाड सुती वस्त्र. त्यावर अक्षरें उमटलीं, म्हणून तें चार शतकें जपलें गेलें.

त्याच मुलखांत दुसरेंहि एक पांघरूण घरोघर तयार होत आलें आहे. तें म्हणजे गोधडी. पौषांत भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी चुलीवरून उतरली, जेवणें आटोपलीं, कीं बायका उन्हांत जुनीं लुगडीं पसरीत. विरलेलें आंत, धड तें वर, असे थर लावून त्या कडेपासून मध्याकडे धांवदोरा घालीत. आजीचें लुगडें अशा रीतीनें नातवाच्या अंगावर येई.

मात्र गोधडीवर ना नांव, ना सन. आणि पांघरतां पांघरतांच ती झिजून जाई. पासोडी आपल्याला वाचतां येते. गोधडीची हकीकत ती शिवणारीलाच विचारावी लागते. आपल्या घरीं अशी कोणी वृद्धा असेल, तर कोणतें ठिगळ कोणाच्या वस्त्राचें, हें याच हिवाळ्यांत तिच्याकडून लिहून घ्यावें.