तळटीप : ‘मूल्य अजून न आलेले चल’

* ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे चलाला नाव मिळाले आहे, मूल्य अजून मिळालेले नाही. लेखकाने हा शब्द ‘रिकामे’ या अर्थानेही वापरला आहे. तो फरक जपायला हवा. बीड जिल्ह्यासाठीचा एखादा ऑनलाइन अर्ज घ्या. जिल्ह्यात ११ तालुके. अर्जदाराने आधी जतन केलेला तालुका धारूर. पान उघडताच कोड निवडयादीला ‘धारूर’ हे मूल्य देतो, पण तालुक्यांची नावे सर्व्हरकडून यायचीच असतात. यादीत तो पर्यायच नसल्याने ब्राउझर ते मूल्य निमूट सोडून देतो, चूक दाखवत नाही. क्षणभराने नावे येतात आणि ब्राउझर आपणहून पहिला पर्याय निवडतो : अकारविल्हे यादीत तो अंबाजोगाई. धारूरच्या माणसाने न पाहता बटण दाबले की अर्ज दुसऱ्याच तालुक्याच्या नावावर. लाल अक्षरांत ओरडणाऱ्या चुकीपेक्षा ही गप्प चूक मला फार घातक वाटते.

उपाय क्रमात आहे : आधी यादी, मग मूल्य, तोवर वर ‘तालुका निवडा’ हा कोरा पर्याय. अँग्युलरमध्येही पालक घटकाकडून येणारी इनपुट मूल्ये कन्स्ट्रक्टर चालताना पोचलेली नसतात, ‘एनजीऑनइनिट’च्या वेळी हाती असतात. मात्र नोंदीत ‘किल्ले धारूर’ आणि यादीत नुसते ‘धारूर’ असेल, तर क्रम बरोबर असूनही चौकट कोरी राहते. तिथे दोष वेळेचा नाही, नावाचा. – संपा.