तीन पैशाचा तमाशा : लंडन, बर्लिन, पुणे

बर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचे 'डी ड्रायग्रोशनऑपर' हे जर्मन संगीतनाट्य १९२८ मध्ये बर्लिनला रंगभूमीवर आले. त्याला आधार होता जॉन गे यांच्या 'बेगर्स ऑपेरा' या १७२८ मधील लंडनच्या नाटकाचा. पु. ल. देशपांडे यांनी त्याला 'तीन पैशाचा तमाशा' हे मराठी रूप दिले. आणीबाणीनंतर, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. त्यात नंदू भेंडे यांनी अंकुश साकारला. भिकाऱ्यांच्या जिवावर श्रीमंत होणारा व्यापारी, दरोडेखोर आणि त्याचा पोलिस मित्र यांचे साटेलोटे दाखवून, प्रतिष्ठित कोणाला म्हणावे आणि गुन्हेगार कोणाला, हा प्रश्न नाटक प्रेक्षकांपुढे ठेवते.