पेल्विक फ्लोअर थेरपी सुरू करताना : पहिल्या भेटीत काय होते आणि फरक पडायला किती दिवस लागतात?

खोकला किंवा शिंक आली की थोडी लघवी होते, ही तक्रार घेऊन दवाखान्यात फार कमी बायका येतात. बीपीची गोळी लिहून होते, बाई उठून दारापर्यंत जातात आणि मग मागे वळून हळूच विचारतात, "डॉक्टर, अजून एक होतं." वागळे इस्टेटमध्ये कंपनीत उभ्याने काम करणाऱ्या, पाळीत एकदाच बाथरूमला जायला मिळणाऱ्या किंवा चाळीत सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या बायकांनी यावर स्वतःच एक उपाय काढलेला असतो : पाणी कमी प्यायचे. त्याने गळती थांबत नाही. लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते, बद्धकोष्ठता होते, आणि शौचाला जोर लावल्याने मूळ त्रास आणखी वाढतो.

अशा अनेक तक्रारींवर पहिला उपचार म्हणजे पेल्विक फ्लोअर थेरपी. पण चिठ्ठी दिली तरी बरेच जण जात नाहीत, कारण तिथे नेमके काय करतात हे माहीत नसते. ती माहिती इथे देत आहोत.

पेल्विक फ्लोअर म्हणजे काय?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. स्त्रियांमध्ये मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. पुरुषांमध्ये मूत्राशय आणि गुदाशय. लघवी, गॅस आणि शौच रोखून धरणे, तसेच योग्य वेळी सैल पडून वाट मोकळी करणे, ही दोन्ही कामे हे स्नायू करतात.

झोळी सैल पडली तर गळती होते किंवा अंग खाली आल्यासारखे वाटते. पण काही जणांत हेच स्नायू सतत आखडलेले असतात. त्यांना लघवी सुरू करायला वेळ लागतो, शौचाला कुंथावे लागते, किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखते. त्यामुळे सगळ्यांचा व्यायाम एक नसतो. आखडलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावले तर दुखणे वाढू शकते. मोबाइलवर व्हिडिओ बघून सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्यावे, ते याचसाठी.

कोणाला ही थेरपी सुचवतात?

- खोकताना, हसताना, जिना चढताना किंवा पाण्याची कळशी उचलताना लघवी होणे
- लघवीची अचानक घाई होणे, बाथरूमपर्यंत पोहोचेपर्यंत न थांबणे
- अंग खाली येणे, विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात
- बाळंतपणानंतर, त्यातही खोल टाके पडले असतील तर
- गॅस किंवा शौच रोखता न येणे, शौचाला फार कुंथावे लागणे
- ओटीपोटात किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे
- पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणे

सिझेरियन झाले म्हणजे हा त्रास होणारच नाही, असे नाही. नऊ महिन्यांचा भार या स्नायूंनी पेललेलाच असतो.

थेरपीच्या आधी डॉक्टरांना दाखवा

लघवीची तपासणी आणि रक्तातील साखर बघणे आवश्यक असते. लघवीतील जंतुसंसर्ग किंवा वाढलेली साखर हेच कारण असेल, तर आधी त्यावर उपचार हवेत. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. जुना खोकला किंवा दमा असेल तर तोही आटोक्यात आणावा लागतो, नाहीतर प्रत्येक उबळीबरोबर झोळीवर ताण येतच राहतो.

पुढीलपैकी काही असेल तर व्यायामाची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा : लघवीतून रक्त, थंडी-ताप आणि कंबरेत दुखणे, लघवी पूर्ण तुंबणे, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव. पायांत अचानक अशक्तपणा आला, किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जाणे गरजेचे आहे.

पहिल्या भेटीची तयारी

शक्य असेल तर आधीचे तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता लघवीला गेलात, अंदाजे किती झाली, कधी गळाली, त्या वेळी काय करत होतात आणि दिवसभरात पाणी, चहा किती झाला, एवढेच लिहायचे. थेरपिस्टला या वहीतून बरेच कळते. बाळंतपणाचे, शस्त्रक्रियेचे आणि सोनोग्राफीचे जुने कागद बरोबर न्या. सैल सलवार किंवा पायजमा घाला.

पाळी चालू असेल तर भेट रद्द करायची गरज नाही, फक्त तसे सांगा. त्या दिवशी बोलणे आणि बाहेरून तपासणी होऊ शकते. गरोदर असाल तर तेही सुरुवातीलाच सांगा.

पहिल्या भेटीत काय होते?

या भेटीला साधारण पाऊण ते एक तास लागतो आणि त्यातला बराच वेळ बोलण्यात जातो. प्रश्न खासगी असतात : दिवसातून किती पॅड बदलावे लागतात, शौचाला जोर लावावा लागतो का, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का. सासूबाई किंवा यजमान बरोबर आले असतील आणि त्यांच्यासमोर बोलायचे नसेल, तर "मला एकटीला बोलायचंय" असे सांगा. थेरपिस्टला यात काही वावगे वाटत नाही.

मग उभे राहणे, वाकणे, श्वास घेणे आणि पोटाचे स्नायू तपासतात. बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध स्नायूंत फट राहिली आहे का, हेही बघतात.

आतून तपासणी करावीच लागते का?

बहुतेकांना याचीच भीती असते. स्नायू किती आवळतात आणि किती सैल होतात हे नीट कळण्यासाठी हातमोजा घालून एका बोटाने योनिमार्गातून तपासणी करतात. पुरुषांमध्ये गरज पडल्यास गुदमार्गातून. स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात ते उपकरण यासाठी सहसा लागत नाही. तपासणीआधी काय करणार ते समजावून तुमची परवानगी घेतली पाहिजे. तुम्ही नाही म्हणू शकता, पुढच्या वेळी करू म्हणू शकता, किंवा मध्येच थांबवायला सांगू शकता. नाही म्हटले म्हणून उपचार नाकारले जात नाहीत.

शरीरसंबंध आलेला नसेल, फार दुखत असेल किंवा पूर्वीच्या एखाद्या वाईट अनुभवामुळे भीती वाटत असेल, तर तसे जरूर सांगा. बाहेरून बघून, पोटावरून सोनोग्राफी करून किंवा त्वचेवर लावायच्या सेन्सरने बरीच माहिती मिळते. बाळंतपणानंतर आतली तपासणी सहसा सहा आठवडे झाल्यावरच करतात. महिला थेरपिस्ट हवी किंवा तपासणीच्या वेळी सोबत कोणी महिला हवी, असे वेळ ठरवतानाच विचारा.

तपासणीनंतर एखादा दिवस थोडे ठणकू शकते. दुखणे वाढत गेले, ताप आला किंवा रक्तस्राव झाला तर कळवा.

व्यायाम कसा असतो?

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी व्यायामाची पद्धत मांडली. म्हणून याला केगल व्यायाम म्हणतात.

चारचौघांत गॅस रोखून धरताना जे आतून वर ओढले जाते, ते हे स्नायू. तसेच वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणे हा व्यायामाचा अर्धा भाग आहे, तो टाळू नका. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता येईल. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जायचे. साधारणपणे एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा करायला सांगतात. तुमचा नेमका आकडा थेरपिस्ट ठरवतील.

नेहमी होणाऱ्या चुका अशा :

- श्वास रोखून धरणे. मोठ्याने आकडे मोजले तर श्वास आपोआप चालू राहतो.
- नितंब आणि मांड्या आवळणे.
- वर ओढण्याऐवजी खाली जोर लावणे. यामुळे त्रास वाढतो. पहिल्या तपासणीत हीच चूक पकडायची असते.
- रोज लघवीची धार मध्येच थांबवून सराव करणे. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

स्नायू ओळखीचे झाले की पुढचा धडा असा : खोकला किंवा शिंक येण्याआधी, बादली उचलण्याआधी ते आवळून घ्यायचे. अनेकांना पहिला दिलासा यातूनच मिळतो.

स्नायू आखडलेले असतील तर हे आवळणे शिकवत नाहीत. पोटाने खोल श्वास घेणे, ताण सैल करणे, दुखऱ्या जागी हलका दाब देऊन स्नायू मोकळे करणे, अशा गोष्टी करतात.

व्यायामाशिवाय आणखी काय शिकवतात?

घाईची लघवी असेल तर दोन वेळांमधले अंतर हळूहळू, पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायला शिकवतात. घाई आली की पळत न सुटता जागीच थांबायचे, स्नायू काही वेळा पटपट आवळायचे, लाट ओसरली की मग सावकाश जायचे. पाणी बंद करायचे नसते. चहा-कॉफी कमी करायची असते. "बाहेर पडतेय तर जाऊन येते" असे दर वेळी लघवी न लागताही जाणे कमी करायला सांगतात.

कमोड वापरत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या, म्हणजे गुडघे वर येतात आणि कुंथावे लागत नाही. वजन जास्त असेल तर थोडे कमी केल्यानेही गळती कमी होते.

स्नायूंची हालचाल पडद्यावर दाखवणारे बायोफीडबॅक यंत्र किंवा विजेचे सौम्य झटके देणारे यंत्र काही जणांनाच लागते. गरोदर असाल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर विजेच्या उपचाराआधी नक्की सांगा.

फरक कधी पडतो?

बहुतेक जण इथेच अडखळतात. दोन आठवडे केले, काही झाले नाही, म्हणून सोडून दिले, असे फार वेळा घडते. हे स्नायूंचे प्रशिक्षण आहे, गोळी नाही. काहींना चार ते सहा आठवड्यांत थोडा बदल जाणवतो, पण उपयोग झाला की नाही हे किमान तीन महिने नियमित केल्यावरच ठरवावे. भेटी सुरुवातीला आठवड्याला किंवा पंधरवड्याला आणि नंतर लांबच्या अंतराने असतात. खरे काम घरी होते. सकाळी दात घासल्यावर, दुपारी डबा खाल्ल्यावर आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर, अशा तीन वेळा ठरवून टाका. आवळणे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे सवय झाल्यावर बसमध्ये किंवा लोकलमध्ये बसूनही करता येते. बरे वाटल्यावर व्यायाम कमी करता येतो, पण पूर्ण बंद केला तर त्रास परत येऊ शकतो.

वहीतला पहिला आठवडा आणि सहावा आठवडा शेजारी ठेवून बघा. पाच पॅडचे तीन झाले असतील, तर तो फरक रोजच्या धावपळीत जाणवत नाही, वहीत दिसतो.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची गळती कमी व्हायला काही महिने, कधी वर्षही लागते. शक्य असेल तर हा व्यायाम शस्त्रक्रियेआधीच शिकून घ्यावा.

थेरपीने सगळेच बरे होते का?

नाही. पूर्ण बाहेर आलेले अंग व्यायामाने आत जात नाही. त्यासाठी आधाराची रिंग बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. मुंबईत काम केलेले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भाशयाच्या मुखाला घालायच्या टाक्यासाठी जगभर ओळखले जातात. अंग खाली येण्यावरची त्यांच्या नावाची शस्त्रक्रियाही प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया ठरली तरी हे व्यायाम वाया जात नाहीत. तीन महिन्यांनी पुरेसा फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे.

कुठे जावे, काय विचारावे?

वागळे इस्टेटमध्ये राज्य कामगार विमा योजनेचे कामगार रुग्णालय आहे. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या पगारातून ईएसआय कापले जात असेल, तर आधी त्या योजनेच्या दवाखान्यात विचारा. कुटुंबालाही लाभ मिळतो. ठाणेकरांना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणकरांना रुक्मिणीबाई रुग्णालयात आणि डोंबिवलीकरांना शास्त्रीनगर रुग्णालयात चौकशी करता येते. तिथे ही सोय नसेल तर पुढे कुठे पाठवतात तेही विचारून घ्या.

खासगी ठिकाणी वेळ घेताना चार प्रश्न विचारा : फिजिओथेरपीची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का? पेल्विक फ्लोअरचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का? एका भेटीचे किती पैसे आणि साधारण किती भेटी लागतील? तपासणीची खोली बंद दाराची आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. पडद्याआड शेजारचा रुग्ण सगळे ऐकत असेल, तर कोणीच मोकळेपणाने बोलू शकत नाही.

आणि फॅमिली डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही तक्रार दारात पोहोचेपर्यंत ठेवू नका. आत आल्यावर पहिली हीच सांगा.